इंग्लंडची स्कूल ट्रिप, भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडन्स कार्ड: आमचं पूर्ण प्रकरण

आम्ही डुसेलडॉर्फजवळ राहतो, नऊ वर्षं झाली. मोठी लेक १४ वर्षांची, नववीत, जन्म पुण्याचा, पासपोर्ट भारताचा आणि खिशात इथलं रेसिडन्स कार्ड. गेल्या वर्षी म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये तिच्या वर्गाची इंग्लंडला पाच दिवसांची ट्रिप होती, २ ते ६ जून. बसने फ्रान्समधल्या कॅले बंदरापर्यंत, तिथून फेरीने इंग्लंडमधलं डोव्हर, राहायचं ईस्टबर्नला तिथल्या कुटुंबांकडे, एक दिवस लंडन आणि परत येताना कँटरबरी. ट्रिप झाली, लेक गेली आणि खूश होऊन आली, पण मधले चार महिने कसे गेले ते पूर्ण लिहून ठेवतेय, कारण तेव्हा मला मराठीत कुठेच एका जागी काही सापडलं नव्हतं आणि आपली कितीतरी मुलं आता युरोपातल्या शाळांमध्ये आहेत.

सुरुवात जानेवारीच्या शेवटच्या पालकसभेत झाली. क्लासटीचरने ट्रिप सांगितली, पैसे किती, डिपॉझिट कधी, आणि मग म्हणाल्या की ज्या मुलांकडे युरोपियन पासपोर्ट नाही त्यांनी काळजी करू नका, आपण यादी करतो. ही यादी म्हणजे इथे ज्याला झामेललिस्टे म्हणतात ती, सगळ्या परदेशी मुलांची नावं, जन्मतारखा, लागले तर फोटो, कुठे आणि किती दिवस चाललो ते, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि परदेशी नागरिकांच्या ऑफिसचा शिक्का. ३० नोव्हेंबर १९९४ ला युरोपियन युनियनने ठरवलेली सोय आहे ही, की युनियनच्या एका देशात राहणारं परदेशी मूल शाळेच्या ग्रुपबरोबर, टीचर सोबत असताना, दुसऱ्या सदस्य देशात थोड्या दिवसांसाठी जात असेल तर त्याला वेगळा व्हिसा नको. अतिशय चांगली सोय आहे आणि युनियनच्या आत अजूनही आहे.

टीचर खोटं बोलत नव्हत्या. २०१९ मध्ये त्यांनी ह्याच यादीवर एक वर्ग इंग्लंडला नेऊन आणला होता. मध्ये कोविड, मग दोन वर्षं ट्रिपच नाही, आणि तेवढ्यात ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं. १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनने ही यादी मानणं बंद केलं आणि त्याच तारखेपासून युरोपियन लोकांची साधी ओळखपत्रंही प्रवासाला चालेनाशी झाली (जी लोकं आधीपासून तिथे राहतात त्यांचं वेगळं). म्हणजे २०१९ चा अनुभव २०२५ ला काही कामाचा नव्हता.

मला हे त्या रात्री माहीत होतं असं अजिबात नाही. मला फक्त एवढंच आठवत होतं की आमच्या इथल्या मंडळातल्या एक काकू मुलाकडे लंडनला जाताना व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला डुसेलडॉर्फला आल्या होत्या, आणि त्यांच्याकडे तर इथलं कायमचं कार्ड होतं. म्हटलं काकूंना लागतो तर पोरीला कसा नाही लागणार? रात्री अकराला लॅपटॉप उघडला, ब्रिटिश सरकारच्या साइटवर नागरिकत्व भारत टाकलं, कारण पर्यटन टाकलं, उत्तर आलं व्हिसा लागेल. जर्मनीत राहतो हे विचारलंसुद्धा नाही फारसं. शेंगेन म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकलेले युरोपातले देश, ब्रिटन त्यात नाही. शेंगेनचं कार्ड शेंगेनमध्ये, ब्रिटनच्या दारात पासपोर्टचा रंग आणि देश.

सकाळी टीचरना मेल केला, सरकारी पानाची लिंक जोडली. मला भीती होती की त्यांना राग येईल, ही आई उगाच शंका काढतेय असं वाटेल. त्यांचा फोन आला दुपारी, आणि त्यांनी पहिलं वाक्य हेच बोललं की मला हे माहीत नव्हतं, वर्गात अजून दोन मुलं आहेत. एक मुलगा तुर्की पासपोर्टवाला आणि एक सिरियन मुलगी, निर्वासितांना इथे जे निळं प्रवासपत्र देतात ते असलेली. तिघांनाही व्हिसा. आणि बाकीच्या मुलांपैकी दोघांकडे पासपोर्टच नव्हता, फक्त जर्मन ओळखपत्र, म्हणजे त्यांनाही पासपोर्ट काढणं आलं.

आता पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो गोंधळ झाला तो सांगते, कारण तो सगळीकडे होतोय. २ एप्रिल २०२५ पासून युरोपियन नागरिकांना ब्रिटनला जायला ईटीए म्हणजे प्रवासाआधीची ऑनलाइन परवानगी लागायला लागली, मोबाइलवर अॅप उघडून पासपोर्ट स्कॅन करायचा, चेहऱ्याचा फोटो, १० पौंड (९ एप्रिलपासून ते १६ झाले), बहुतेकांना एकदोन दिवसांत मंजूर. ग्रुपवर सगळ्या आया लिहायला लागल्या की झालं आमचं, तुमचं पण करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. मी तीनदा लिहिलं की आम्हाला ईटीए मिळतच नाही, ईटीए त्यांना ज्यांना व्हिसा लागत नाही, आणि भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. तरी एकीने प्रेमाने फोन करून सांगितलं की अगं कार्ड स्कॅन कर ना रेसिडन्सचं. तिला बिचारीला खरंच मदत करायची होती. पण चुकून कोणी तसे पैसे भरून बसलं तर ते वाया जातात आणि त्याहून वाईट म्हणजे आपलं काम झालं अशा समजुतीत महिना निघून जातो.

आमच्यापुढे दुसरा पेच होता पासपोर्टचा. आपल्याकडे लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा. तिचा २०२० च्या ऑगस्टमधला, म्हणजे २१ ऑगस्ट २०२५ ला संपणार, आणि इथल्या कार्डाची मुदत पासपोर्टच्या पुढे देत नाहीत म्हणून कार्डही त्याच दिवशी संपणार. आता करायचं काय? आधी पासपोर्ट नवा करायचा म्हणजे फ्रँकफर्टच्या कॉन्सुलेटकडे अर्ज, काही आठवडे, मग नवीन पासपोर्ट हातात आला की इथल्या ऑफिसची अपॉइंटमेंट, मग नवं कार्ड छापून यायला अजून काही आठवडे, आणि मग कुठे व्हिसाचा अर्ज. नवरा म्हणत होता सगळं नीट करूनच अर्ज करू. मी कॅलेंडर घेऊन बसले आणि उलटं मोजत गेले, आणि कसंही मोजलं तरी जून गाठता येत नव्हता. ब्रिटनचा नियम असा की पासपोर्ट राहण्याच्या पूर्ण काळात वैध हवा, सहा महिने शिल्लक वगैरे अट नाही, आणि तेव्हा व्हिसाच्या स्टिकरसाठी एक कोरं पान लागायचं. दोन्ही होतं. म्हणून आम्ही जुन्याच पासपोर्टवर अर्ज करायचं ठरवलं आणि अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिहिलं की पासपोर्ट आणि कार्ड ऑगस्टमध्ये संपतंय, ट्रिप जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे, आल्यावर लगेच दोन्ही नवीन करणार आहोत, आईवडिलांची कार्डं कायमची आहेत, मुलगी शाळेत दहावीला जाणार आहे. लपवायचं काहीच नव्हतं, मग जे समोरच्याला खटकू शकतं ते आपणच आधी सांगावं असं मला वाटलं. मी आजही हाच निर्णय घेईन.

अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आधी करता येत नाही, म्हणजे आम्हाला २ मार्चपासून. निकालाला ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे धरायचे. फी ११५ पौंड, ९ एप्रिलपासून ती १२७ झाली, आमची जुन्या दरात बसली. कागद मी फेब्रुवारीतच गोळा करायला घेतले आणि त्यातल्या तीन गोष्टींनी खूप वेळ खाल्ला.

पहिली म्हणजे नाव. आपल्या महाराष्ट्रातल्या घरांची जुनीच गोष्ट. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात तिचं नाव आणि बाबाचं नाव दोन्ही, मग आडनाव. शाळेच्या सगळ्या कागदांवर फक्त तिचं नाव आणि आडनाव. शाळेने दिलेलं पहिलं पत्र मी परत पाठवलं आणि म्हटलं पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं लिहा, बाबाच्या नावासकट. टीचरना आधी कळेचना की मुलीच्या नावात बापाचं नाव कसं, मग त्यांना समजावून सांगितलं तर त्यांनी आवडीने ऐकून घेतलं. जन्मदाखला पुणे महापालिकेचा, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेला, त्यामुळे तो तसाच चालला. इथले जर्मन कागद मात्र इंग्रजीत भाषांतर करून, भाषांतर करणाऱ्याच्या सहीसह लावावे लागतात, म्हणून आम्ही शाळेला सरळ इंग्रजीतच पत्र मागितलं आणि ते पैसे वाचवले.

दुसरी गोष्ट पत्त्याची. अर्जात ब्रिटनमध्ये कुठे राहणार ते विचारतात, आणि मुलं कुठल्या कुटुंबाकडे जाणार हे एजन्सी शेवटच्या आठवड्यात सांगते. मार्चमध्ये कुठून आणायचा पत्ता? शेवटी ईस्टबर्नमध्ये व्यवस्था बघणाऱ्या एजन्सीचा पत्ता दिला आणि शाळेच्या पत्रात एक परिच्छेद घालून घेतला की मुलं दोन-दोन किंवा तीन-तीन अशी कुटुंबांकडे राहतील, वाटप एजन्सी करते, दिवसभर टीचर बरोबर असतात, आणि रात्री कुठलंही मूल फोन करू शकेल अशी एक टीचर जागेवर असेल. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी तिथे त्याला कोण घेणार, कोण सांभाळणार, हे त्यांना दिसायला हवं असतं. ते बरोबरच आहे, मीही आई म्हणून तेच विचारते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती कुणीच सांगत नाही. मुलाच्या व्हिसावर शेरा असतो, मूल कुणासोबत प्रवास करतंय की एकटं. सोबत असं लिहिलं तर त्या मोठ्या माणसाचं नाव व्हिसावर येतं आणि प्रवासाला तोच माणूस बरोबर लागतो, नाहीतर सीमेवर परत पाठवू शकतात. आम्ही आधी सोबत असंच भरलं होतं, टीचरचं नाव, त्यांचा पासपोर्ट नंबर, सगळं. त्यांना नंबर विचारायला फोन केला तेव्हा त्याच म्हणाल्या, पण मी त्या आठवड्यात आजारी पडले तर? माझ्या जागी दुसरी टीचर जाईल, मग तुमच्या मुलीचं काय? मी फोन हातात घेऊन तशीच उभी राहिले. अर्ज सबमिट केला नव्हता हे नशीब. बदलून एकटं मूल असं केलं, आणि दोघा आईबापांचं सहीचं संमतीपत्र लावलं ज्यात शाळेचा ग्रुप, दोन्ही टीचर, तारखा, बस, फेरी, सगळं आलं. आणि गंमत नव्हे, खरंच सांगते, मेच्या शेवटी दुसऱ्या टीचरच्या घरी अडचण आली आणि त्यांच्या जागी तिसऱ्याच टीचर गेल्या.

१७ मार्चला अर्ज भरला, २५ मार्चला डुसेलडॉर्फला ठसे. लेकीने शाळा बुडवली म्हणून ती आनंदात. काचेवर चार बोटं, मग दुसरी चार, मग अंगठे, कपाळावरचे केस मागे, फोटो. मी शेजारी उभी होते आणि मला एकदम भरून आलं, तिच्या बाकावरची मैत्रीण घरी सोफ्यावर बसून पाच मिनिटांत मोकळी झाली होती आणि ही इथे बोटं टेकवतेय, दोघी पहिलीपासून एका वर्गात. तिने माझ्याकडे बघून म्हटलं, आई तू का रडतेस, मला मजा येतेय.

पासपोर्ट तेव्हा तिथे जमा राहायचा. एप्रिलच्या ईस्टरच्या सुट्टीत पुण्याला मावसभावाची मुंज होती, पासपोर्ट कधी परत येईल नक्की नाही म्हणून तिचं तिकीटच काढता आलं नाही. मी आणि धाकटा गेलो, ती आणि बाबा इथेच राहिले, मुंज तिने व्हिडिओ कॉलवर पाहिली. पासपोर्ट १६ एप्रिलला कुरिअरने आला, सहा महिन्यांचा व्हिजिट व्हिसा, एकटं मूल असा शेरा.

तुर्की मुलाचाही मेच्या पहिल्या आठवड्यात आला. सिरियन मुलीचं मात्र नाही झालं. तिची व्हिसाची फी शाळेच्या पालकांच्या मदतमंडळाने भरायची तयारी दाखवली होती, अडचण पैशाची नव्हतीच. तिचं निळं प्रवासपत्र मार्चमध्ये संपत होतं, नव्यासाठी अपॉइंटमेंट मिळाली मेच्या मध्यावर, आणि त्यानंतर छापून यायला वेळ, मग व्हिसाला वेळ, काही जुळत नव्हतं. तिच्या आईला मी शाळेच्या गेटवर भेटले, दोघींचं मोडकंतोडकं जर्मन, ती एवढंच म्हणाली की जानेवारीत नाही, सप्टेंबरमध्ये कुणी विचारलं असतं तर. त्या आठवड्यात ती मुलगी आठवीच्या वर्गात जाऊन बसली. माझ्या डोक्यातून हे वाक्य जात नाही. बसचं बुकिंग सप्टेंबरमध्ये झालं होतं. बस बुक करताना शाळेला मुलं किती हे माहीत होतं, पासपोर्ट कुठले हे विचारायला अजून एक ओळ लागली असती.

२ जूनला पहाटे पाचला बस. टीचर सगळ्यांचे पासपोर्ट एका फोल्डरमध्ये ठेवणार होत्या. मी लेकीला म्हटलं पासपोर्ट दे पण रेसिडन्स कार्ड गळ्यातल्या पाकिटात ठेव, ते तुझ्या हातात पाहिजे. कॅलेला सगळ्यांना बसमधून उतरवतात, आधी फ्रेंच पोलीस, मग तिथेच फ्रान्सच्या जमिनीवर ब्रिटिश अधिकारी. फ्रेंच माणसाने पासपोर्ट चाळला, शेंगेनचा व्हिसा दिसेना, तिने कार्ड पुढे केलं, झालं. ब्रिटिश बाईंनी विचारलं कुठे चाललीस, किती दिवस, टीचर कुठायत, संमतीपत्राची प्रत बघितली आणि शिक्का मारला. तिला इतरांपेक्षा तीनेक मिनिटं जास्त लागली. मला मेसेज आला, आई झालं, आता फेरी. मी ऑफिसात होते, खुर्चीवर बसून नुसती स्क्रीनकडे बघत राहिले.

परतीला डोव्हरमध्येच फ्रेंच चेकिंग असतं. तिथे पासपोर्ट फोल्डरमधून एकगठ्ठा गेले आणि अधिकाऱ्याने हिच्या पासपोर्टवर मारायला शिक्का उचलला, तेव्हा ही पुढे होऊन म्हणाली मी जर्मनीत राहते, आणि कार्ड दाखवलं. शेंगेन देशाचं रेसिडन्स कार्ड असलेल्याच्या पासपोर्टवर शिक्का मारायचा नसतो, नाहीतर पुढे कुणीतरी पाहुण्यांना असलेली ९० दिवसांची मर्यादा मोजायला लागतं आणि उगाच खुलासे करावे लागतात. (आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करणारी ईईएस पद्धत सुरू झालीय, त्यातूनही रेसिडन्स कार्डवाले वगळलेले आहेत, पण ते कार्ड दाखवलं तरच.) चौदा वर्षांची पोर परक्या बंदरावर न घाबरता बोलली ह्याचं मला ट्रिपपेक्षा जास्त कौतुक आहे.

मंडळात बऱ्याच जणांनी मला विचारलं की एवढं सगळं करण्यापेक्षा जर्मन पासपोर्ट का नाही घेत. घेऊही कदाचित. पण भारताचा सोडावा लागतो, तो घराने बसून, आजीआजोबांशी बोलून घ्यायचा निर्णय आहे, पाच दिवसांच्या ट्रिपसाठी घ्यायचा नाही.

अजून एक सांगते कारण ह्यात देश बदलला की सगळंच बदलतं. हीच ट्रिप लीलच्या किंवा पॅरिसच्या शाळेतून असती तर लेकीला व्हिसाच लागला नसता. फ्रान्सने ब्रिटनशी वेगळं ठरवून घेतलं, २८ डिसेंबर २०२३ पासून फ्रान्समधल्या शाळेचा किमान पाच मुलांचा ग्रुप असेल तर युरोपियन मुलं ओळखपत्रावर आणि व्हिसा लागणाऱ्या देशांची मुलं फक्त पासपोर्टवर जातात, शाळेने ठरलेला फॉर्म भरून द्यायचा. आमच्या घरापासून फ्रान्स काही तासांच्या अंतरावर. लेक ट्रिपहून आल्यावर सहा आठवड्यांनी, १७ जुलै २०२५ ला, जर्मनी आणि ब्रिटनने लंडनमध्ये मैत्री करारावर सह्या केल्या आणि त्यात शाळांच्या ग्रुप्सना व्हिसाशिवाय जाता यावं हेही ठरवलं. बातमी लेकीनेच मला दाखवली, आणि लगेच त्या सिरियन मैत्रिणीला पाठवली. तरी कुणी ह्या बातमीवर भरवसा ठेवून बसू नका, बुकिंगच्या दिवशी सरकारी साइटवर त्या दिवशीचा नियम वाचा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांना उलट दिशेने तोच प्रश्न आहे, शाळेच्या ग्रुपला युरोपातले काही देश व्हिसातून सूट देतात, काही देत नाहीत, तेव्हा तिथेही ज्या देशात जायचंय त्याचंच पान उघडायचं.

ऑगस्टमध्ये लेकीचा नवा पासपोर्ट आला, मग कार्डही. मी शाळेला एक विनंती केली होती की कुठलीही ट्रिप ठरवायच्या आधी पालकांना जे पत्र जातं त्यात तीन ओळी घाला, मुलाचा पासपोर्ट किंवा प्रवासपत्र कुठल्या देशाचं, त्याची मुदत कधीपर्यंत, आणि रेसिडन्स कार्डाची मुदत कधीपर्यंत. सप्टेंबरमध्ये धाकट्याच्या वर्गाचं पत्र आलं, मेमध्ये हॉलंडच्या टेक्सेल बेटावर तीन दिवस, शेंगेनच्या आतच, व्हिसाचा प्रश्न नाही. पत्राच्या खाली त्या तीन ओळी होत्या. मी पेन घेऊन भारत लिहिलं, पासपोर्टची तारीख लिहिली, मग कपाटातून त्याचं कार्ड काढून बघितलं तर ते ट्रिपच्या अकरा दिवस आधी संपत होतं. त्याच रात्री अपॉइंटमेंटसाठी मेल टाकला.